पोराच्या खडकापाशी

१

येटमुंड रॉयस्विकचा मुलगा ओलाउस, ओलाउसचा मुलगा सिवर्ट, आणि सिवर्टला मुलगा नव्हता म्हणून त्याने जिच्या हाती सुकाणू सोपवले ती त्याची लेक गुडलाउग. या घराण्यात आधी होडी, मग गलबत आणि अखेर जहाज जसे वारशाने चालत आले, तसेच एक देणेही चालत आले होते.

येटमुंडची होडी एका हिवाळी वादळात दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीच्या, त्या फ्योर्डच्या, मधोमध उलटली, तेव्हा समोरच्या काठावरचा स्टावसेट आपल्या मुलाला बरोबर घेऊन वल्ही मारीत धावून गेला. येटमुंड वाचला. स्टावसेटचा ओलाव मात्र पाण्यातून डोके काढून बसलेल्या एका खडकावर आपटला आणि बुडाला. त्याची आई मारित हिने रॉयस्विकांना एकदाही दूषण दिले नाही. ती येटमुंडला एकट्याला गाठून एवढेच म्हणाली, "माझं लेकरू तिथं निजलंय. त्याच्या उशाशी कुणी आरडाओरडा करू नका."

लोक त्याला पोराचा खडक म्हणू लागले. पुढे रॉयस्विकांचा प्रत्येक कर्ता आपल्या वारसाच्या हाती सुकाणू देताना दोन गोष्टी सांगत आला. स्टावसेटांचा एक मुलगा आपण देणे लागतो, ही पहिली. त्या खडकाजवळून कसे जायचे, ही दुसरी. पहिली गोष्ट साऱ्या फ्योर्डला ठाऊक होती. दुसरी घराबाहेर कधीच गेली नाही.

गुडलाउगबाईंनी या दोन्ही गोष्टी आपल्या एकुलत्या मुलाला, आर्नफिनला, सांगून आता बरीच वर्षे लोटली होती. 'हावेला' हे छोटे जहाज तो चालवीत असे. उन्हाळ्यात फ्योर्डच्या आतल्या टोकाच्या इनदालहून पर्यटक घ्यायचे, दोन्ही बाजूंचे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे दाखवीत त्यांना बाहेरच्या, समुद्राकडच्या बाजूला आपल्या रॉयस्विकला आणायचे, मुक्कामाला ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत न्यायचे, असा त्याचा क्रम होता. जहाज बाईंच्या मालकीचे होते, आणि ही गोष्ट कोणी विसरू नये याची काळजी त्या स्वतः घेत.

जून महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी कालचे धुके विरले होते. समोरच्या काठावर म्हाताऱ्या हाल्वर स्टावसेटने आपल्या होडीघराचे दार उघडले, आणि पाण्यात फुटलेल्या पिवळ्या होडीच्या फळ्या पाहून तो जागीच थबकला. फळ्यांच्या मागे, पालथा, एक माणूस तरंगत होता.

तो आयलिफ ब्रांडाल होता. डोंगराला पडलेली भेग मोजण्यासाठी सरकारने पाठवलेला तरुण भूशास्त्रज्ञ.

दुपारी इनदालचा फौजदार स्टाइनार आपल्या मोटारबोटीतून आला, 'हावेला'च्या नाळेवर, पुढच्या टोकाला, घासला गेलेला पिवळा रंग त्याने पाहिला, चौघांना चार प्रश्न विचारले, आणि एंद्रे स्टावसेटच्या खांद्यावर हात ठेवला. एंद्रे जहाजावरचा तांडेल होता. हाल्वरचा नातू. त्या घरातला शेवटचा मुलगा.

"खून?" गुडलाउगबाईंनी निरोप्याला विचारले. "खून म्हणाला तो?"

"हो, मालकीणबाई. ठरवून घातलं म्हणे जहाज अंगावर."

बाईंनी काळा कोट चढवला, काठी घेतली, आणि त्या धक्क्याकडे निघाल्या.

२

धक्क्यावरचा ध्वज अर्ध्यावर उतरवलेला होता. प्रवासी कोकरांसारखे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. जहाजाच्या दिवाणखान्यात स्टाइनार कॉफी पीत बसला होता. बाईंना पाहताच तो उठून उभा राहिला. लहानपणी त्यांच्या बागेतली सफरचंदे चोरताना तो पकडला गेला होता, आणि ते दोघांच्याही लक्षात होते.

"बसा, मावशी."

"आधी तू बस. आणि सांग, कशावरून?"

"सगळं सरळ आहे हो. ब्रांडाल शनिवारी संध्याकाळी आपल्या मुक्कामावरून होडी वल्हवत इकडे यायचा. काल धुकं होतं. वाटेत जहाजानं त्याला चिरडलं. प्रश्न एवढाच, सुकाणूवर कोण होतं?"

"कोण होतं?"

"आर्नफिन म्हणतो, इनदाल सोडल्या सोडल्या त्याचं डोकं दुखायला लागलं. एंद्रेच्या हाती सुकाणू देऊन तो खाली जाऊन पडला. एंद्रे म्हणतो, छे, कप्तानच होता, मी पुढच्या कोठडीत पंप मारत होतो, स्टावसेटच्या टोकापाशी आल्यावर मला वर बोलावलं. एकाच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द. पण माझ्याकडे आणखी तीन गोष्टी आहेत."

"बोल."

"एक. इंजिनवाल्या ओडमुंडनं सुकाणूघराच्या ओल्या काचेतून माणूस पाठमोरा पाहिला. चेहरा नाही दिसला. पण डोक्यावर टोपी नव्हती. आता तुम्हीच सांगा, आर्नफिन टोपीशिवाय कुणी कधी पाहिलाय? आणि एंद्रेनं बर्फातसुद्धा कधी टोपी घातलीय?"

बाईंनी मानेनेच त्याला पुढे बोलायला सांगितले.

"दोन. धुक्यात भोंगा वाजवत राहायचा हा कायदा. ओडमुंडनं पाहिलं तेव्हा भोंगा बंद होता. मुद्दाम बंद केला, म्हणजे होडीवाल्याला जहाज कुठं आहे ते कळू नये. याला अपघात म्हणायचं? आणि तीन. होडी सापडली कुठं? स्टावसेटच्या दारात. तिथं तर एंद्रे सुकाणूवर होता हे तो स्वतःच कबूल करतो."

"आणि कारण?"

"ब्रांडालचा अहवाल. डोंगर कोसळला तर लाट उठणार, आणि पहिलं घर जाणार स्टावसेटचं. जागा रिकामी करायला सांगणार होता तो. मागच्या महिन्यात नाचाच्या दिवशी याच धक्क्यावर, सगळ्यांसमोर, एंद्रे त्याला म्हणाला होता, 'आम्हाला घराबाहेर काढलंस तर तुला फ्योर्डात बुडवीन.'"

"तोंडानं तर मी तुलाही झाडाला टांगलं होतं, स्टाइनार."

फौजदार हसला नाही. "संध्याकाळच्या फेरीनं मी त्याला इनदालला नेतोय. प्रेतही नेतोय. ब्रांडालची आई तिथं येऊन थांबलीय, मावशी."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "संध्याकाळपर्यंत हे जहाज माझं आहे. मला माझ्या माणसांशी बोलायचंय."

"तपास माझा आहे."

"तू कॉफी पी." त्यांनी स्वयंपाकिणीला हाक मारली. "योरुन, याला चीज आणि भाकरी दे, रिकाम्या पोटी याला नीट सुचत नाही."

३

एंद्रेला त्याच्याच कोठडीत बसवले होते. दाराशी त्याचा आजा हाल्वर उभा होता, लाकडासारखा ताठ. गुडलाउगबाई आणि तो लहानपणी एका बाकावर शिकले होते. पण त्या दोन घरांत बोलणे नेहमी थोडकेच राहिले. ज्याचे देणे असते त्याच्याशी मोकळेपणाने बोलता येत नाही, आणि ज्याचे येणे असते त्यालाही संकोच वाटतो.

"गुडलाउग," हाल्वर म्हणाला, "पोरगं तोंडाळ आहे. पण तो खोटं बोलत नाही."

"बाजूला हो, मला त्याच्याशी बोलू दे."

एंद्रेचे डोळे तांबारले होते. "मालकीणबाई, मी बोललो होतो तसं. नाकारत नाही. पण नंतर त्याच माणसानं मला त्याची दुर्बीण दिली बघायला. म्हणाला, बघ, ही भेग. तुझ्या आज्याला मी बाहेर काढत नाही, डोंगर काढतोय. मग काय बोलणार मी?"

"काल काय झालं ते सांग. फुलोरा नको."

"पुढच्या कोठडीत पाणी साचलं होतं. कप्तान म्हणाला, जा, पंप मार. तिथं साखळी आणि पंप यांच्या खडखडाटात दुसरं काही ऐकू येत नाही. मग हाक आली. वर गेलो तर स्टावसेटचं टोक दिसत होतं पुसट. कप्तान म्हणाला, 'घे'. रोजचंच आहे, ते टोक माझ्या दारातलं, तिथून धक्क्यापर्यंत मीच आणतो."

"आणि भोंगा?"

"माझ्या हाती आल्यावर एकदाही चुकवला नाही."

"आर्नफिन कसा दिसत होता?"

एंद्रे घुटमळला. "मुलगा आहे तुमचा."

"म्हणूनच विचारते."

"पिठासारखा पांढरा."

बाई वरच्या मजल्यावर गेल्या. आर्नफिन सुकाणूघरात पितळेची मूठ पुसत होता. ती आधीच लख्ख होती. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"जेवलास का?"

"भूक नाही, आई."

"कालही नव्हती. डोकं दुखत होतं म्हणे?"

"हो."

"तुला डोकेदुखी कधीपासून?"

"माणसाला काहीही होऊ शकतं," तो पुसता पुसता म्हणाला. "स्टाइनारला सांगितलंय मी सगळं. एंद्रेनं मुद्दाम केलं असं मी म्हटलेलं नाही. ते त्यानं काढलं."

"तू काय म्हटलंस?"

"मी झोपलो होतो, एवढंच."

त्याने वर पाहिले नाही. बाई त्याच्या हातांकडे पाहत राहिल्या. हेच हात त्यांनी याच चाकावर धरून ठेवले होते, तो उंचीला पुरत नव्हता तेव्हा पायाखाली खोके देऊन.

४

स्वयंपाकघरात योरुन जाळीदार गोड वेफल भाजत होती आणि रडत होती. इंजिनवाला ओडमुंड तिच्यासमोर बसून ते एकामागून एक खात होता.

"याला काही वाटत नाही," योरुन म्हणाली. "पोरगा गेला, आणि हा गिळतोय."

"त्याच्या वाटणीचे आहेत, वाया कशाला घालवायचे?" ओडमुंड म्हणाला, आणि त्याने हातातला वेफल परत ताटलीत ठेवला. "मलाही आवडायचा तो, बाई. मला दगडांची नावं सांगायचा."

"दर शनिवारी यायचा वेफल खायला," योरुन सांगू लागली. "मी त्याला म्हणायचे, धुक्यात येऊ नकोस रे बाबा. तर तो म्हणायचा, धुक्यातच बरं. तुमचा भोंगा जवळ आला की मी वल्ही थांबवतो आणि काठाला लागतो. भोंगा पुढे गेला की निघतो. तुमचा भोंगा माझी काठी आहे, म्हणायचा. आंधळ्याची असते तशी." तिने एप्रनचे टोक डोळ्यांना लावले. "आणि त्या मेल्यानं भोंगाच बंद केला."

"कुणी बंद केला ते अजून ठरायचंय," बाई म्हणाल्या. "ओडमुंड, तू वर का आला होतास?"

"भोंगा थांबला म्हणून. तो माझ्या इंजिनाच्या हवेवर चालतो ना. म्हटलं, हवा सुटली की काय? काटा बघितला, हवा ठीक. मग वर आलो विचारायला. काचेतून बघितलं तर पाठ होती समोर. उघडं डोकं, मान खाली. म्हटलं, असेल काही कारण, आणि उतरलो. खाली पाय ठेवतोय तोच ठक्क झालं."

"मग?"

"मग काय? ओंडका असेल म्हटलं. या दिवसांत नदी रोज ओंडके आणते. थोड्या वेळानं भोंगा परत सुरू झाला, आणि मी विसरून गेलो."

"मान खाली होती म्हणालास?"

"हो. देवळात उभं राहतात तशी."

"हे स्टाइनारला सांगितलंस?"

"त्यानं टोपीचं विचारलं. मानेचं नाही विचारलं."

"हे कुठं घडलं? इनदालपासून किती पुढे?"

"मालकीणबाई, मी इंजिनपाशी असतो. मला कडे दिसत नाहीत, धबधबे दिसत नाहीत. जहाज थांबलं की कळतं, आलो."

बाई उठल्या. छातीत काहीतरी जड होऊन बसले होते, त्याला अजून नाव नव्हते. त्यांनी ते बाजूला सारले आणि स्टाइनारला हाक मारली.

"प्रवाशांना काय विचारलंस?"

"काय विचारणार? धुकं होतं, मावशी. त्यांना काय दिसणार?"

"दिसणार नाही. ऐकू येईल की."

५

प्रवाशांतला एक स्वीडिश म्हातारा कालच्या प्रवासात सारा वेळ डेकवर घोंगडी पांघरून बसला होता. त्याचे नाव लिंडरूट. चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवीत असे. बाई त्याच्या शेजारी बाकावर बसल्या.

"धुक्यात बाहेर का बसला होतात?"

"बाई, आत सगळे कुरकुरत होते. पैसे दिले आणि डोंगर दिसले नाहीत म्हणून." तो कसनुसा हसला. "मला डोंगर ऐकू येत होते. भोंगा वाजायचा आणि दोन्ही कड्यांवरून परत यायचा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. मी हातानं ताल धरून बसलो होतो."

"तो मधे थांबला होता?"

"थांबला. वाजायला हवा होता तिथं वाजला नाही. पुढच्या जागीही नाही. संगीतात अशी शांतता लिहून ठेवलेली असते, तेव्हा वाजवणाऱ्याला ती मोजावी लागते. मला ती चुकून झालेली वाटली नाही. कुणीतरी जाणूनबुजून पाळलेली वाटली."

बाई काठीवर टेकून पुढे झुकल्या. "त्यानंतर भोंगा सुरू झाला?"

"झाला, आणि धक्क्याला लागेपर्यंत चालू राहिला. त्यालाही बराच वेळ लागला. माझी कॉफी आली, मी ती प्यालो, थंडी वाजली म्हणून दुसरी मागवली, ती संपली, तेव्हा कुठं जहाज लागलं."

म्हणजे स्टावसेटच्या दारात नव्हे. त्या टोकापासून धक्का हाकेवर होता. तेवढ्या अंतरात कपाला ओठही लागले नसते.

"एक आठवून सांगा," बाई सावकाश म्हणाल्या. "ती शांतता होती तेव्हा दुसरं काही ऐकलंत?"

"पक्षी," लिंडरूट लगेच म्हणाला. "पुष्कळ. कात्री चालवावी तसा आवाज. एकदम डोक्यावर येऊन ओरडायला लागले. वाटेत दुसरीकडे कुठंच नव्हते. आणि त्यांच्यात एक..."

"एक काय?"

म्हाताऱ्याने घोंगडी घट्ट ओढून घेतली. "मला वाटलं, तोही पक्षीच आहे."

बाई उठल्या आणि कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. ते सुरय पक्षी होते. या साऱ्या फ्योर्डमध्ये ते एकाच ठिकाणी घरटी करतात, आणि जूनमध्ये अंडी घातली की जवळून जाणाऱ्याच्या अंगावर धावून येतात.

योरुनने मघाशी हातात दिलेला वेफलचा तुकडा त्यांनी पाण्यात टाकला. हिमनदीचे वितळलेले गोडे पाणी फ्योर्डच्या खाऱ्या पाण्यावर हिरवट सायीसारखे पसरले होते. तुकडा क्षणभर गिरकी घेऊन थांबला आणि मग शांतपणे निघाला, बाहेर, समुद्राच्या दिशेने. उन्हाळ्याच्या तोंडाशी जे जे तरंगते ते सारे बाहेर जाते. सकाळी स्टावसेटच्या दारात सापडलेली होडी रात्रभर वाहत आली होती. आतून. पोराच्या खडकापासून.

आता त्या जड गोष्टीला नाव मिळाले होते.

त्या खडकाजवळून कसे जायचे, हे या जगात दोनच माणसांना ठाऊक होते. एक स्वतः गुडलाउगबाई. त्या बोलल्या नाहीत तर ओडमुंडची उघड्या डोक्याची साक्ष एंद्रेच्याच गळ्यात राहणार होती, आणि ती शांतता ही एका खुन्याची युक्ती ठरणार होती. कोणी कधी विचारणारही नव्हते.

समोरच्या काठावर स्टावसेटचे घर उन्हात उभे होते. जहाजावर येण्याआधी हाल्वरने, घरात कोणी गेल्यासारखे, दिवसाढवळ्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते.

६

आर्नफिन अजून सुकाणूघरातच होता. बाईंनी आत येऊन दार लावून घेतले.

"मला तुझी लाज वाटते," त्या म्हणाल्या.

त्याचा हात थांबला. "का?"

"काल तू पोराच्या खडकापाशी भोंगा वाजवलास. माझ्या बापानं, आज्यानं, पणज्यानं जे कधी केलं नाही ते तू केलंस. मारितच्या लेकराच्या उशाशी गोंगाट केलास."

"कोण म्हणतं?" तो उसळला. "साफ खोटं आहे! मी कधी वाजवलाय तिथं? कालसुद्धा खडक येण्याआधी भोंगा बंद केला, टोपी काढून हातात धरली होती मी, पक्षी उठले तेव्हा..."

तो थांबला. बाहेर कोणीतरी धक्क्यावरून चालत गेले, त्याचे बूट वाजले आणि लांब गेले.

"पक्षी उठले तेव्हा काय?" बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

आर्नफिन खाली बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय तो एकाएकी लहान दिसू लागला.

"तुला कसं कळलं?"

"ओडमुंडनं उघडं डोकं आणि झुकलेली मान पाहिली. ती कुणाची ते स्टाइनारनं सवयीवरून ठरवलं. तू टोपी कुठंच काढत नाहीस, एक जागा सोडून. ओडमुंडनं ते पाहिलं तेव्हा भोंगा बंद होता. भोंगा बंद असताना त्या पाहुण्यानं सुरय ऐकले. सुरय कुठं असतात ते मी तुला सांगायला नको. एंद्रेला त्या शांततेची कल्पनाही नाही. ज्यांचं देणं, त्यांनी ती पाळायची. ज्यांचा मुलगा गेला त्यांना कुणी ती सांगितलीच नाही. तो सुकाणूवर असता तर खडकापाशीही कायद्याप्रमाणे भोंगा वाजवत गेला असता. आणि ब्रांडाल आज योरुनचे वेफल खात बसला असता."

आर्नफिनने तोंड हातांत लपवले. "मला खरंच वाटलं ओंडका आहे. ओरडणंही ऐकलं मी, आई. वाटलं, सुरय. मी स्वतःला सांगितलं, सुरयच आहे. थांबलो असतो तर... पण मी थांबलो नाही. सकाळी हाल्वरकडची बातमी आली, आणि तोंडातून निघून गेलं, मी झोपलो होतो म्हणून. मग स्टाइनार खून म्हणायला लागला, आणि माझी जीभ उचलेना. परवाना जाईल, जहाज जाईल, पोरांना काय सांगू... मी मारायला गेलो नव्हतो गं. मी तर मान खाली घालून उभा होतो."

"ठाऊक आहे मला."

"तूच शिकवलंस ते."

हा घाव बाईंनी उभ्या उभ्याच सोसला. "मी शिकवलं. माझ्या बापानं मला शिकवलं. धुक्यात काय करायचं हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही; आम्हाला वाटलं, आदर पाळला की झालं. ते माझ्या माथी आहे आणि ब्रांडालच्या आईपुढे मी ते माझ्या तोंडानं सांगणार आहे. पण त्याला पाण्यात टाकून पुढे जायला तुला मी शिकवलेलं नाही. आणि स्टावसेटचा मुलगा पुन्हा आपल्यासाठी बुडवायला तर नाहीच."

"काय करू?"

"खाली जा. हाल्वर तिथं उभा आहे. आधी त्याला सांग, मग स्टाइनारला."

"तू येतेस?"

"नाही. मी आले तर लोक म्हणतील, आईनं ओढत आणलं. तू आपल्या पायांनी जा."

तो उठला. दारात वळून त्याने टोपी त्यांच्या हातात दिली.

७

खालच्या मजल्यावर कोणी ओरडले नाही. बाईंना वाटले होते, कोणीतरी ओरडेल. मग एंद्रेच्या कोठडीचे दार उघडल्याचा आवाज आला.

पायऱ्या चढून हाल्वर वर आला. धाप लागली होती. तो सुकाणूघराच्या उंबरठ्यावर उभा राहिला आणि बाईंच्या हातातल्या टोपीकडे पाहत राहिला.

"तू गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं नसतं."

"हो."

"मी कधी मागितलं नव्हतं, गुडलाउग. माझ्या बापानं नाही, त्याच्या बापानंही नाही."

"मागितलं नाहीत म्हणून तर फिटत नव्हतं."

हाल्वरने मान हलवली. पुढे येऊन त्याने आपला सुरकुतलेला हात त्यांच्या हातावर ठेवला. येटमुंडच्या दिवसापासून त्या दोन घरांतल्या माणसांनी एकमेकांना असा स्पर्श केला नव्हता.

संध्याकाळच्या फेरीला आकाश स्वच्छ होते. 'हावेला'च्या पुढच्या डेकवर जहाजाच्या ध्वजाखाली आयलिफ ब्रांडालची शवपेटी होती आणि तिच्या शेजारी योरुनने रानफुले ठेवली होती. प्रवासी आपण होऊन मागच्या बाजूला जाऊन बसले होते. कडे दिसत होते, धबधबे दिसत होते, पण कोणी बोट दाखवून बोलत नव्हते. कठड्याशी स्टाइनार उभा होता आणि त्याच्या बाजूला आर्नफिन, उघड्या डोक्याने. स्टाइनारने त्याच्या हाताला धरले नव्हते; त्याची गरज नव्हती.

सुकाणूवर एंद्रे होता. त्याच्या मागे उंच स्टुलावर गुडलाउगबाई बसल्या होत्या. इनदालचा धक्का, आणि त्या धक्क्यावर उभी असलेली एक अनोळखी बाई, अजून दूर होती. तिच्यासमोर काय बोलायचे ते त्यांनी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिले होते, आणि दर वेळी पहिल्याच वाक्याला अडखळल्या होत्या.

पाण्यातून पोराचा खडक वर आला. सुरय उठले, पांढरे, कर्कश, आणि जहाजाच्या डोलकाठीभोवती घिरट्या घालू लागले. डेकवर आर्नफिनने मान खाली घातली.

एंद्रे अवघडून म्हणाला, "मालकीणबाई, आता मलाही ठाऊक झालंय. शांत जायचं ना इथून?"

बाई उठल्या. काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्यांनी हात वर करून भोंग्याची दोरी धरली, आणि बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या काळापासून त्या जागी जे कोणी केले नव्हते ते केले.

भोंगा वाजला. लांब, खोल, छातीत घुमणारा. डावा कडा तो परत देऊ लागला, मग उजवा. शवपेटीवरची फुले थरथरली. आर्नफिनने चमकून वर पाहिले.

"इथून पुढे," बाई एंद्रेला म्हणाल्या, "दर वेळी वाजवायचा. धुकं असो, नसो. होडीत कुणी बसलेलं असेल, त्याला ऐकू गेलं पाहिजे."

"आणि मारित? तिला चाललं असतं?"

"तीही कुणाची आईच होती."

त्यांनी दोरी पुन्हा ओढली. रॉयस्विकांच्या घरात आता स्टावसेटांचे काही देणे राहिले नव्हते.